मार्च-एप्रिलच्या सकाळी टेकडीवरचे पक्षी कुठे निघालेत?

आधी एक घोळ मिटवून टाकू. वसंत म्हटला की आपल्याला कोकीळ आठवतो, पण पक्षीशास्त्राच्या हिशेबात कोकीळ हा गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटात, म्हणजे साँगबर्डमध्ये बसतच नाही आणि दिवसभर काव काव करणारा कावळा मात्र बसतो. पटत नाही ना? पण हा हिशेब आवाज गोड आहे की नाही यावर नाही, स्वरयंत्र कसं आहे यावर आहे. या गटातल्या पक्ष्यांच्या स्वरयंत्राला बारीक बारीक स्नायूंच्या बऱ्याच जोड्या असतात आणि मुख्य म्हणजे ते गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, पहिले दिवस कानावर फक्त काव काव पडते आणि तरी मोठं झाल्यावर ते कुहू कुहूच करतं, म्हणजे ते शिकलेलं नाही, जन्मतःच अंगात असलेलं आहे. चिमणी, बुलबुल, मैना, दयाळ, शिंजीर, धोबी, वटवट्या, भारीट हे सगळे शिकणाऱ्यांच्या गटातले. आपण आज बोलणार आहोत ते यातल्या अशा मंडळींबद्दल जी हिवाळा आपल्याकडे काढतात आणि उन्हं तापायला लागली की निघतात.

हा मुद्दा जरा नीट लक्षात घ्या, कारण नेटवर स्प्रिंग मायग्रेशनबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेलं असतं आणि त्यांच्याकडे वसंत म्हणजे पक्षी येण्याचा सीझन. तिकडे एप्रिल-मेमध्ये एका सकाळी झाडं एकदम भरून जातात आणि लोक दुर्बिणी घेऊन पळत सुटतात. आपल्याकडे उलटं आहे. आपले पाहुणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात आणि वसंतात जातात, म्हणजे त्यांच्याकडे जे 'आले' आहेत तेच आपल्याकडून 'गेले' आहेत. आणि जाणं बघणं हे येणं बघण्यापेक्षा फार अवघड काम आहे, त्याकडे मी शेवटी येतो.

जातात कोण ते आधी बघू. पुण्यातली वेताळ टेकडी घ्या किंवा तुमच्या गावाबाहेरचा कुठलाही माळ, मार्चमध्ये सकाळी साडेसहा ते साडेआठच्या मध्ये गेलात तर घाणेरीच्या नाहीतर करवंदाच्या जाळीतून 'टक्... टक्...' असा कुणीतरी जीभ टाळूला लावून वाजवल्यासारखा कोरडा आवाज येतो. दिसत काही नाही, नुसतं पान हलतं. हा ब्लाइथचा बोरू वटवट्या. मातकट रंग, भुवईच्या जागी एक फिकट रेघ, वजन जेमतेम ११-१२ ग्रॅम. फोटो काढून कुणाला दाखवला तर 'चिमणी आहे का?' असं विचारतील इतका साधा. हा पक्षी एप्रिलच्या शेवटी इथून निघतो आणि फिनलंड, रशिया, सैबेरिया या भागात घरटं करतो. पुण्याहून फिनलंड धरलं तर सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरच्या आसपास!

आता यात एक गंमत आहे. युरोपात घरटी करणारे बहुतेक छोटे कीटकभक्षी पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात, सहाराचं वाळवंट ओलांडून. पण थोडे छोटे पक्षी असे आहेत की ते दक्षिणेला न वळता पूर्वेकडे तोंड करतात आणि भारतात येतात. बोरू वटवट्या त्यातला एक, लाल छातीचा माशीमार दुसरा, रोझफिंच तिसरा, आणि काळ्या डोक्याचा भारीट चौथा. हा भारीट तर ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण या पट्ट्यात वीण करतो आणि हिवाळ्यात त्याचे थवे पश्चिम आणि मध्य भारतातल्या शेतांत असतात. म्हणजे सासवडकडच्या ज्वारीच्या रानात जो थवा भुर्रकन उठतो त्यातला एखादा दोन महिन्यांनी ग्रीसमधल्या द्राक्षमळ्यात कुंपणावर बसून गात असू शकतो. तिकडच्या लोकांना तो त्यांचाच पक्षी वाटतो, आणि आपल्या शेतकऱ्याला तो राखणीला बसवणारा उपद्रव वाटतो. दोघंही बरोबरच आहेत.

मग प्रश्न येतो की यांना कळतं कसं की आता निघायचं? गरम होतंय म्हणून जातात असं बरेच जण म्हणतात, पण तापमान हा कच्चा सिग्नल आहे, एखाद्या फेब्रुवारीत उकडतं आणि एखाद्या मार्चमध्ये गारपीट होते. भरवशाची गोष्ट एकच, दिवसाची लांबी, ती दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. पण उत्तरेकडे दिवस हिवाळ्यात सहा तास आणि उन्हाळ्यात अठरा तास असा बदलतो तसा आपल्याकडे नाही ना बदलत. पुण्यात सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा, म्हणजे वर्षभरात फरक सव्वादोन तासांचा, रोजचा हिशेब काढला तर एका मिनिटाच्याही आत-बाहेर. एवढ्यावरून ते ओळखतात? हो, आणि शिवाय त्यांच्या अंगातच वर्षभराचं एक घड्याळ चालू असतं. जर्मनीत एबरहार्ड ग्विनर यांनी विलो वॉर्बलर नावाच्या छोट्या पक्ष्यांना रोज बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा खोलीत ठेवलं, म्हणजे बाहेर कुठला ऋतू आहे हे कळायची काही सोयच नाही, तरी त्यांची पिसं बदलणं आणि स्थलांतराची अस्वस्थता हे चक्र साधारण वर्षाच्या अंतराने चालूच राहिलं. म्हणजे घड्याळ आत आहे आणि दिवसाची लांबी त्याचे काटे जुळवून घेते, असं समजा.

यात आपल्या देशातलं मोठं काम आहे आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं. लखनौला शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं लाल डोक्याच्या आणि काळ्या डोक्याच्या भारीटांवर प्रयोग केले आहेत. पिंजऱ्यातल्या भारीटाला दिवस मोठा करून दाखवला, म्हणजे दिवा जास्त तास चालू ठेवला, की काही आठवड्यांत तो अधाशासारखा खायला लागतो, अंगावर चरबी चढते, वजन दीडपटीच्या आसपास जाऊ शकतं आणि मग रात्रीची झोप उडते. दिवसा फिरणारा पक्षी, पण रात्रभर पिंजऱ्यात उड्या मारतो, पंख फडफडवतो. या रात्रीच्या तळमळीला जर्मन भाषेतला 'त्सुगउनरुह' हा शब्द जगभर वापरतात. बाहेर मोकळ्या रानात असता तर तो त्या रात्री उडून गेला असता, इथे दार बंद आहे म्हणून नुसती फडफड.

चरबीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. चरबीच्या एका ग्रॅममधून पिठूळ पदार्थाच्या एका ग्रॅमपेक्षा दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, त्यामुळे ज्याला स्वतःचं वजन उचलून उडायचंय त्याला हाच माल परवडतो. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालणारे अभ्यासक ही चरबी डोळ्यांनी बघतात. पक्षी उताणा हातात धरायचा, मान दोन बोटांच्या मध्ये हलकेच, आणि छातीच्या वरच्या बाजूला, गळ्याखालच्या खळग्यावर हळूच फुंकर मारायची. पिसं बाजूला होतात आणि खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी दिसते, तिच्यातून आरपार दिसतं. नोव्हेंबरात तो खळगा लालसर, रिकामा असतो, आणि निघायची वेळ आली की तिथे पिवळट चरबी भरून वर फुगून आलेली असते. आपल्याकडे हे कडी घालण्याचं काम जुनं आहे बरं का, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९२७ मध्ये मध्य प्रदेशातल्या धारला ते सुरू केलं. (हे घरी करून बघायचं नाही, पक्षी पकडायला परवानगी आणि ट्रेनिंग दोन्ही लागतं.)

आपण टेकडीवरून चरबी बघू शकत नाही, पण कपडे बघू शकतो. वसंतात पक्षी बघण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच, की नोव्हेंबरात जे मळकट होते ते मार्चमध्ये नटतात. पांढऱ्या धोब्याच्या गळ्यावर काळा रंग चढतो, पिवळा धोबी खरोखर पिवळा होतो आणि त्याच्या डोक्याचा रंग उघडा पडतो, कुणाचं काळं, कुणाचं राखाडी-निळं, आणि त्यावरून तो कुठल्या प्रदेशातला आहे ते कळायला लागतं. यातली एक निळसर राखाडी डोक्याची उपजात 'बीमा' या नावाने ओळखली जाते, ते नाव कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी करताना १८३२ मध्ये दिलं.

धोब्यांना नवीन पिसं येतात, पण भारीट आणि भोरडी, म्हणजे पळस मैना, वेगळीच युक्ती करतात. काळ्या डोक्याच्या भारीटाच्या नराला शरद ऋतूत जी पिसं येतात ती आतून काळीच असतात, फक्त प्रत्येक पिसाच्या टोकाला मातकट किनार असते आणि ती किनार वरून दिसत असल्यामुळे डोकं मळकं दिसतं. मग हिवाळाभर काट्याकुट्यांत, कणसांत घासून घासून ती किनार झिजते आणि मार्चपर्यंत खालचं काळंभोर डोकं वर येतं. नवीन काही घातलं नाही, जुनंच झिजून झिजून नवीन झालं. फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या नराकडे दुर्बिणीतून नीट बघितलं तर अर्धं काम झालेलं दिसतं, डोक्यावर काळे आणि तपकिरी ठिपके मिसळलेले, आणि मला विचाराल तर पूर्ण नटलेल्या नरापेक्षा हाच बघायला जास्त मजा येते.

गाण्याचंही तसंच. तो 'टक् टक्' करणारा बोरू वटवट्या मार्चच्या शेवटी-एप्रिलमध्ये जाळीतच बसून गुणगुणायला लागतो. एकेक तुकडा दोनदा-तीनदा म्हणायचा, मधे टक् टक् घालायचं, मग पुढचा तुकडा, त्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही असतात. मादीला ऐकवायचं ते सहा हजार किलोमीटरवर, तेही तिकडे जूनमध्ये आणि जास्त करून रात्री. इथे चालू असते ती तालीम. म्हणून एप्रिलमध्ये घाणेरीजवळ पाच-दहा मिनिटं उभं राहायला काही हरकत नाही, फुकटात ऐकायला मिळतं.

आता निघतात कसे? बहुतेक छोटे गाणारे पक्षी रात्री उडतात. रात्री हवा गार आणि शांत असते, ससाणे झोपलेले असतात, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारनंतर पश्चिमेकडून वारं सुटतं, म्हणजे वायव्येला निघालेल्या पक्ष्याच्या तोंडावरच, त्यामुळे अंधार पडून वारं निवलेलं त्याला बरं. अमेरिकेत हवामान खात्याच्या रडारवर वसंतातल्या रात्री पक्ष्यांचे लोंढे दिसतात आणि आज रात्री किती पक्षी उडतील याचा अंदाज रोज जाहीर होतो, आपण मात्र सकाळी जाऊन कालच्यातलं कोण राहिलंय ते मोजायचं.

अंधारात दिशा कशी कळते यावर साठ वर्षं संशोधन चालू आहे. अमेरिकेत स्टीफन एमलेन यांनी १९६७ च्या सुमाराला तारांगणात इंडिगो बंटिंग ठेवून दाखवलं की हे पक्षी तारे वापरतात, आणि त्यातही एखादा ठराविक तारा पाठ करत नाहीत, तर आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं तो बिंदू लहानपणी ओळखून ठेवतात. म्हणजे आपण ज्याला ध्रुवतारा म्हणतो ती जागा. पुण्यातून ती क्षितिजावर फक्त साडेअठरा अंश आहे, कारण आपले अक्षांश तेवढे, आणि पक्षी जसजसा उत्तरेला जाईल तसतशी ती वर वर चढत जाते. ढग असतील तर? तर चुंबक. जर्मनीत विल्टश्को दांपत्याने युरोपियन रॉबिनवर प्रयोग करून दाखवलं की पक्ष्यांना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कळतं, पण आपल्या होकायंत्रासारखं उत्तर-दक्षिण नाही कळत, चुंबकीय रेषा जमिनीशी किती कललेल्या आहेत ते कळतं. म्हणजे 'ध्रुवाकडे' आणि 'विषुववृत्ताकडे' एवढंच. यामागे पक्ष्याच्या डोळ्यातलं क्रिप्टोक्रोम नावाचं प्रथिन असावं असा सध्याचा सगळ्यात बळकट अंदाज आहे, आणि ते प्रकाशावर चालतं, म्हणजे पक्ष्याला चुंबकीय क्षेत्र कदाचित दिसत असेल. हे वाचून डोकं गरगरलं तर साहजिक आहे, शास्त्रज्ञांचंही अजून पूर्ण जमलेलं नाही.

आणि हे सगळं आई-बापांनी शिकवलेलं नसतं. बोरू वटवट्याची पिल्लं पहिल्या वर्षी एकटी येतात, मोठे त्यांच्या आधी निघून गेलेले असतात. गाणं शिकावं लागतं पण रस्ता रक्तात असतो.

मधे हिमालय आणि तिबेटचं पठार आहे, त्याचं काय? बरेच छोटे पक्षी त्याला बगल देऊन पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या बाजूने मध्य आशियात शिरतात. या पठाराने एक भन्नाट गोष्ट घडवली आहे. आंब्याच्या शेंड्यावर 'ची-वी, ची-वी' करत सतत हलणारा हिरवट पर्ण-वटवट्या, आठ ग्रॅमचा जीव, त्याची जात हिमालयातून पठाराच्या दोन्ही बाजूंनी वर वर पसरत गेली, पश्चिमेकडून एक शाखा, पूर्वेकडून दुसरी, वाटेत प्रत्येक ठिकाणी गाणं थोडं थोडं बदलत गेलं, आणि शेवटी सैबेरियात दोन्ही शाखा समोरासमोर आल्या तेव्हा एकमेकांचं गाणंच ओळखीचं राहिलं नव्हतं, त्यामुळे सहसा जोड्या जमत नाहीत. आपल्याकडे हिवाळ्यात दिसतात ते बहुतेक पश्चिमेच्या शाखेचे.

भोरड्यांचं मात्र सगळंच वेगळं. त्या दिवसाढवळ्या आणि थव्याने जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की सकाळी सकाळी झाडावर नुसता कलकलाट असतो, गुलाबी अंग, काळं डोकं, मागे वळलेली शेंडी, आणि फुलात तोंड घालून घालून कपाळाला परागकण चिकटलेले, काहींचं तर कपाळ पिवळंच दिसतं. सोलापूर-नगरकडे भोरड्या म्हटलं की लोकांना आधी गोफण आठवते, ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून भोरड्या हाकायच्या हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. पण याच भोरड्या मध्य आशियात गेल्या की नाकतोडे आणि टोळ खातात, इतके की चीनमधल्या शिनजियांगमध्ये त्यांनी यावं म्हणून सरकार दगडांची घरटी बांधून देतं. मे-जूनमध्ये हजारोंच्या वसाहतीत भराभर पिल्लं काढायची आणि जुलैच्या शेवटी, ऑगस्टमध्ये परत भारतात हजर. वर्षातले जास्त महिने त्या आपल्याकडेच असतात, त्यामुळे त्यांना पाहुणे म्हणायचं की नाही याबद्दल मला शंकाच आहे.

आता तो अवघड भाग. पक्षी आला की कळतं, काल नव्हता आज आहे, संपलं. पण गेला हे त्या दिवशी कधीच कळत नाही. आज दिसला नाही म्हणजे गेला की जाळीत गप्प बसलाय? शेवटचा दिसला ती तारीख शेवटची होती हे दोन आठवडे रिकामे गेल्यावर कळतं. म्हणून आपल्याकडे 'पहिला दिसला'च्या नोंदी भरपूर आणि 'शेवटचा दिसला'च्या फार कमी. २००७ मध्ये मायग्रंटवॉच हा प्रकल्प सुरू झाला तो याच तारखा लोकांकडून गोळा करायला, आणि आता तेच काम ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवरच्या याद्यांमधून होतं.

तर करायचं काय, एकच जागा धरायची. भारी जागा नको, घराजवळची टेकडी, तलावाचा बांध, कॉलेजचं आवार चालेल. मार्चपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून एकदा तरी तिथेच जायचं, त्याच वाटेने, साधारण तेवढाच वेळ. दुर्बीण ८ बाय ४२ असेल तर उत्तम, नसेल तर कान आहेतच, या सीझनला अर्धे पक्षी आवाजावरूनच कळतात. एप्रिलमध्ये पाण्याचं छोटं डबकं सापडलं तर तिथून हलू नका. आणि यादी पूर्ण करायची, म्हणजे कावळे, साळुंक्या, कबुतरं सगळं लिहायचं, फक्त दुर्मिळ तेवढंच नाही. कारण यादी पूर्ण असेल तरच तिच्यात नसलेल्या नावाला अर्थ येतो. तुम्ही तासभर फिरलात, सगळं लिहिलंत आणि त्यात बोरू वटवट्या नाही, तर ते 'नाही' सुद्धा माहिती झाली. नुसते फोटो टाकणाऱ्यांच्या अकाउंटवरून ही माहिती कधीच निघणार नाही, असो.

आणि सगळे जात असताना एकजण येतो. मे महिन्यात दक्षिणेकडून नवरंग येतो, पावसाळ्यात कोकण-सह्याद्रीच्या जंगलांत घरटं करायला. हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली लाल, जमिनीवरची पानं उचकटत फिरतो आणि सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, तमिळमध्ये तर त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात. तोही काटेकोर अर्थाने साँगबर्ड नाही, त्याचा गट जवळचा पण वेगळा. पण तोही रात्री उडतो, आणि मुंबई-पुण्यात दिव्यांनी भांबावून, काचेवर आपटून बाल्कनीत, जिन्यात पडलेला सापडतो. तसा सापडला तर तोंडात पाणी ओतू नका, भात-पोळी भरवू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात खाली कापड टाकून ठेवा, झाकण लावा, मुलांना दर पाच मिनिटांनी उघडून दाखवू नका. नुसता धक्का बसला असेल तर तास-दोन तासांत आतून खुडबूड ऐकू येते, मग झाडी असेल तिथे खोकं जमिनीवर ठेवून उघडायचं आणि बाजूला व्हायचं. पंख लोंबत असेल किंवा उभं राहता येत नसेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा.